रक्त साफ आहे, असं मी म्हटलं

वर्षातून एकदा, दिवाळीच्या सुट्टीनंतर, मी वर्गात एक धडा शिकवते आणि त्या दिवशी घरी आल्यावर कोणाशी धड बोलत नाही. नवऱ्याला आता सवय झाली आहे. तो चहा करतो, माझ्यासमोर ठेवतो आणि पेपर उघडून बसतो. धडा अवघड असेल, असं त्याला वाटतं. धडा अवघड नाही. तो मला तोंडपाठ आहे. जेव्हा त्यातली एक ओळ बोलून दाखवायची वेळ आली होती, तेव्हा मात्र मी मूग गिळून बसले होते.

धारच्या एका कॉलेजात मी प्राणिशास्त्र शिकवते. धडा आहे सर्रा नावाच्या रोगाचा. पावसाळा सरता सरता घोडमाश्या वाढतात, एका जनावराला चावून दुसऱ्याला चावतात आणि एकाच्या रक्तातला बारीकसा परजीवी दुसऱ्याच्या रक्तात पोचवतात. मायक्रोस्कोपखाली ताज्या रक्तात तो मासोळीसारखा वळवळताना दिसतो. उंट, म्हैस, बैल, कोणीही त्याच्या तावडीत सापडतं, पण घोड्याला हा रोग फार जड जातो. ताप येतो, दोन-चार दिवसांनी उतरतो, जनावर पुन्हा खायला लागतं, मालक देवापुढे नारळ फोडतो, आणि काही दिवसांत ताप परत.

मग मी फळ्यावर त्याचं कारण लिहिते. या परजीवीच्या अंगावर एकाच प्रथिनाचा दाट थर असतो, अंगभर कोट घातल्यासारखा. जनावराचं शरीर तो कोट ओळखायला शिकतं आणि तसा कोट घातलेल्या सगळ्यांना मारून टाकतं. तेव्हा ताप उतरतो. पण परजीवीकडे अशा कोटांची जनुकं शेकड्यांनी असतात. पेटीत शेकडो कोट, अंगावर मात्र एका वेळी एकच. गुणसूत्राच्या टोकाजवळ काही ठरावीक जागा असतात. त्यांतली एकच जागा उघडी असते आणि तिथे बसलेलं जनुक तेवढं वाचलं जातं. बाकीची सगळी गप्प. कधी पेटीतल्या दुसऱ्या जनुकाची नक्कल त्या उघड्या जागेवर येऊन बसते, कधी ती जागाच बंद होते आणि दुसरी उघडते. असा कोट बदललेला हजारो-लाखोंत एखादाच असतो. बाकीचे मेले की तो वाढतो, आणि रक्त पुन्हा भरून जातं.

मी शिकत होते तेव्हा हे एवढं उलगडलेलं नव्हतं. एकच जागा उघडी का राहते, बाकीच्यांना गप्प कोण बसवतं, हे पुढच्या वर्षांत थोडंथोडं कळत गेलं, आणि अजूनही सगळं कळलंय असं कोणी छातीठोकपणे सांगत नाही. मुलं मान डोलावतात. दरवर्षी कोणीतरी विचारतंच, ‘मैडम, उसको पता कैसे चलता है कि अब बदलना है?’

मी सांगते, त्याला काही पत्ता लागत नाही. शरीर मारायला येण्याच्या आधीच कोणाचा तरी कोट बदलून गेलेला असतो, विनाकारण. तो डाव टाकत नाही, फसवायला निघालेला नसतो. त्यात डाव असता तर मला फार बरं वाटलं असतं. समोरचा लबाड निघाला की आपला मूर्खपणा जरा हलका होतो. हे शेवटचं मी वर्गात सांगत नाही.

माझं आजोळ देवासचं. आईच्या माहेरचे लोक कधीकाळी महाराष्ट्रातून सरदारांच्या फौजेबरोबर आले आणि देवास संस्थानाच्या थोरल्या पातीच्या पागेत मोतद्दार झाले, म्हणजे घोड्यांची निगा राखणारे. संस्थान गेलं, पागा गेली, आणि मामांपर्यंत उरली ती एक पांढरी घोडी, लग्नात नवरदेवाला मिरवून नेणारी. मामा तिच्याशी अहो-जाहो करत. ‘चला बाईसाहेब, पाणी प्या.’ मामीला मात्र ते अगं-तुगं करत, आणि मामी त्यावरून त्यांना चांगलंच ऐकवत असे. घोडीला नाव होतं. ते मी इथे लिहीत नाही. माझ्या तोंडी ते शोभत नाही.

वडील खानदेशातले. नोकरीच्या मागे मालव्यात आले आणि पुढे पीथमपूरच्या कारखान्यात लागले. आम्ही धारला राहत असू, शिफ्टची बस त्यांना कोपऱ्यावरून उचलायची. पगारी माणूस, त्यामुळे घोडीवर पोट भरणं त्यांच्या लेखी मागासलेपणाचं. नव्वदीच्या दशकाच्या मध्यावर मला एम.एस्सी.ला देवासला प्रवेश मिळाला, तेव्हा त्यांनी मला मामांकडे न ठेवता आत्याकडे कारखान्याच्या क्वार्टरमध्ये ठेवलं. घोडीच्या वासात अभ्यास होत नाही, असं म्हणाले. मी विरोध केला नाही. खरं सांगायचं तर मैत्रिणींना मामांचा धंदा सांगायची मलाही लाज वाटायची. रविवारी मी टेकडीच्या पायथ्याशी मामांच्या घरी जाई, मामीच्या हातचं जेवे आणि क्वार्टरमध्ये परतण्याआधी सलवार नीट झटकून घेई.

दुसऱ्या वर्षी पावसाळ्यानंतर घोडी आजारी पडली. खायची नाही, मान टाकायची, दोन दिवसांनी बरी व्हायची, पुन्हा तेच. जनावरांच्या दवाखान्यात एक कंपाउंडर होता, जुना मालवी माणूस. त्याने घरी येऊन घोडीच्या डोळ्याची खालची पापणी ओढून पाहिली आणि म्हणाला, ‘दाजी, यो तो सर्रो लागे है. सुई लगवा लो.’

मामांना ते नको होतं. त्या इंजेक्शनने मानेवर ही मोठी सूज येते, जनावर काही आठवडे कामाला लावता येत नाही, आणि देवउठनी ग्यारस, म्हणजे कार्तिकी एकादशी, तोंडावर आलेली. ग्यारस झाली की लग्नं सुरू. मामा तडक आत्याच्या दारात आले. क्वार्टरमध्ये ते कधी आत बसत नसत, उंबऱ्याशीच उभे राहत.

‘तू हेच शिकून राहिलीस ना कॉलेजात? मग तू पाहून सांग. कंपाउंडर तर अंदाजाने बोलून राहिलाय.’

जन्मात पहिल्यांदा माझ्या शिक्षणाची कोणाला तरी गरज पडली होती. मी हरभऱ्याच्या झाडावर चढले. म्हटलं, ‘तुम्ही घोडी कॉलेजात घेऊन या, लवकर आणा. मी ताज्या रक्तात पाहते.’ खरं तर मी त्यांच्या घरी जाऊन काचेवर रक्ताचा थेंब पसरून, वाळवून आणू शकले असते. तो रंगवून कधीही पाहता येतो. पण तसा परजीवी मेलेला दिसतो, आणि मला मामांना तो जिवंत, वळवळताना दाखवायचा होता. भाची काय चीज आहे ते त्यांना कळावं, एवढाच त्यामागचा विचार.

मग एका सकाळी मामा घोडी घेऊन कॉलेजच्या फाटकात उभे राहिले. घोडी न्हालेली, आयाळीच्या वेण्या घातलेल्या, गळ्यात निळ्या मण्यांची माळ. मामांनी स्वतःही इस्त्रीचा सदरा घातला होता. अख्खा वर्ग बाहेर आला. ज्या मुलींपासून मी मामांचा धंदा लपवला होता, त्याच घोडीच्या नाकावरून हात फिरवत होत्या. सरांनी परवानगी दिली आणि जाता जाता म्हणाले, एका स्लाइडवर समाधान मानू नकोस. मी कानाच्या शिरेला सुई टोचली, थेंब काचेवर घेतला आणि धावत प्रयोगशाळेत गेले.

तांबड्या पेशी संथ तरंगत होत्या. त्यांना ढुशा देणारं, मधून सळसळत जाणारं काही नव्हतं. मी काच इकडून तिकडे सरकवली. काही नाही. दुसरा थेंब घेतलेला होता, पण तो मी पाहिला नाही. खिडकीबाहेर घोडी उभी, पोरांचा गराडा पडलेला, मामा आत माझ्याकडे टक लावून पाहत होते. मी बाहेर आले आणि म्हटलं, ‘रक्त साफ आहे.’

घोडीला शेवटचा ताप कधी होता, हे मी विचारलं नाही. एवढा एक प्रश्न.

मामांनी लिहून मागितलं. ते हिंदी शाळेत शिकलेले, म्हणून मी वहीचं पान फाडून हिंदीत लिहिलं, रक्त साफ है, आणि खाली सही ठोकली. सही मी तेव्हा नुकतीच बसवली होती, लांब शेपटीची. मामांनी ते पान त्याच दिवशी कंपाउंडरला दाखवलं. त्याने ते वाचून परत केलं. ‘पढ़ी-लिखी छोरी है, दाजी. म्हारे कई केणो.’ म्हणजे, मी काय बोलणार. इंजेक्शन राहिलं. ग्यारस झाली आणि घोडी लग्नांना जाऊ लागली.

पंधरा-वीस दिवसांनी प्रात्यक्षिक परीक्षेची तयारी करताना मी जुनी वही उघडली. माझ्याच अक्षरात, आदल्या वर्षी फळ्यावरून उतरवून घेतलेलं: रक्त ताप चढलेला असताना घ्यावं, ताप नसताना परजीवी इतके थोडे असतात की दिसत नाहीत, म्हणून तेव्हा काही न दिसल्यास रोग नाही असं धरू नये. खाली लाल शाईची रेघ. ती रेघही मीच मारलेली.

मला लगेच कळलं. घोडी फाटकात उभी होती तेव्हा तिची मान वर होती, डोळे उघडे होते, तिने एका मुलीच्या हातून गूळ खाल्ला होता. तो तिचा बरा दिवस होता. एक कोट मारला गेला होता आणि दुसरा अजून वाढला नव्हता, त्या मधल्या दिवशी मी तिच्या रक्तात डोकावले होते.

घोडी तेव्हा जिवंत होती. हे मी इथे स्पष्ट लिहून ठेवते, कारण इतकी वर्षं मी ते स्वतःलाही गोलमाल करूनच सांगत आले. घोडी जिवंत होती, दोन दिवसांपूर्वी बँडपुढे नाचताना मी तिला पाहिलं होतं. टेकडीच्या पायथ्यापर्यंत टेंपोने वीस मिनिटं लागत. जाऊन एवढंच म्हणायचं होतं, ‘मामा, माझं चुकलं, इंजेक्शन द्या.’ पण मग मामा कंपाउंडरकडे जाणार, कंपाउंडर हसणार, माझी लांब शेपटीची सही दवाखान्यात मस्करीचा विषय होणार. परीक्षा चार दिवसांवर होती. परीक्षा झाली की सांगू, असं मी ठरवलं. परीक्षा झाल्यावर ठरवलं, हा हंगाम सरू दे. घोडी काय, चालतेय की चांगली.

वही उघडल्यापासून नवव्या दिवशी एका दुपारच्या वरातीत घोडीचे मागचे पाय गेले. ती भर रस्त्यात बसली. नवरदेव घसरून उतरला, त्याला काही लागलं नाही. लोक मामांच्या अंगावर ओरडले, मग नवरदेवाला कोणाच्या तरी मोटरसायकलवर बसवून वरात पुढे गेली. मामा लगाम हातात धरून तिच्याशेजारी रस्त्यावर बसून राहिले. हे मला मामीने सांगितलं. मी दुसऱ्या दिवशी गेले तेव्हा घोडीच्या पोटाखाली सूज उतरली होती आणि बरगड्या मोजता येत होत्या. इतकी ती आटली होती आणि रविवारच्या रविवारी जेवायला जाणाऱ्या मला ते दिसलं नव्हतं.

डॉक्टर स्वतः आले होते, बरोबर तो कंपाउंडर. आता इंजेक्शन दिलं, पण फार उशीर झाला आहे, असं डॉक्टर म्हणाले. आधी का दाखवलं नाही, असं त्यांनी विचारल्यावर मामा माझ्याकडे हात करून म्हणाले, ‘दाखवलं होतं ना साहब. ये भानजी है, इसने मशीन में देखा था. खून में कुछ नहीं था. हा सर्रा मागाहून लागलाय.’ कंपाउंडरने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी बोलले नाही. तिसऱ्या दिवशी घोडी गेली.

त्यानंतर मामांनी दुसरी घोडी आणली नाही. कोणी विचारलं तर म्हणत, जमाना गाड्यांचा आहे. एका कारखान्याच्या फाटकावर चौकीदार म्हणून लागले. खाकी कपड्यांत ते भाड्याने आणल्यासारखे दिसत. मला मात्र जिथे तिथे मिरवत. माझ्या लग्नात त्यांनी सासरच्यांना सांगितलं, आमची भाची रक्त पाहून रोग सांगते. मी हसून साडीचा पदर सावरला.

पुढे धारला नोकरी लागली, आणि तो धडा माझ्या वाट्याला आला. बारा वर्षं गेली. एका वर्षी, धडा झाल्यावर, उदयनगरकडची एक मुलगी माझ्याजवळ आली. तिच्या काकाच्या बैलाला असंच झालं होतं. तिने विचारलं, ‘मैडम, ठीक दिख रहा था तब खून निकाला, तो उसमें डॉक्टर की गलती नहीं ना?’ मी म्हटलं, ‘ताप कधी होता हे विचारलं नसेल तर चूक त्याचीच.’ ती गेल्यावर मी स्टाफरूममध्ये जाऊन बसले. परक्या डॉक्टरला मी अर्ध्या मिनिटात दोषी ठरवलं होतं. त्या रविवारी मी देवासची बस पकडली.

मामा घरीच होते, दुपारच्या पाळीला अवकाश होता. मामीने सेव-परमल, म्हणजे शेव-मुरमुरे, वाटीत घालून समोर ठेवलं आणि ती शेजारी गेली. मी बोलायला सुरुवात केली आणि, माझी मलाच लाज वाटते, मी धडाच सांगायला लागले. कोट, पेटी, उघडी जागा, गप्प बसलेली जनुकं, ताप उतरतो कसा आणि परत येतो कसा. मामा मन लावून ऐकत होते. शेवटी म्हणाले, ‘म्हणजे बीमारीच चालाख होती. तुला दिसणार तरी कसं?’

मान हलवायचा मोह झाला. इतकी सोपी सुटका समोर आयती वाढून ठेवलेली. मी म्हटलं, ‘तसं नाही मामा,’ आणि पुढचे शब्द जुळवत होते, तेवढ्यात मामाच बोलायला लागले.

‘एक विचारू? म्हणजे बुखारात असताना पाहिलं असतं तर दिसलं असतं?’

‘दिसलं असतं.’

त्यांनी वाटी बाजूला सरकवली. ‘तू बोलली होतीस, लवकर आणा. मी तीन दिवस थांबलो. तेव्हा बुखार होता तिला, मान टाकून उभी होती. आपल्यात बीमार जनावर दाराबाहेर काढत नाहीत, बेटा. पागेचा कायदा तो. आजोबांनी काढलं नाही, बापाने काढलं नाही. आणि तुझं कॉलेज, तुझे सर, मैत्रिणी. मी बोललो, उतरू दे बुखार, न्हाऊ घालू, नीट सजवू, मग नेऊ. पोरीची इज्जत आहे. मला वाटायचंच. तिकडे काहीतरी माझं चुकलं असं वाटायचं. आज तू नक्की सांगितलंस.’

मला रडू फुटलं नाही. फुटलं असतं तर बरं होतं, कारण मग तेच मला समजावत बसले असते. मी सगळं सांगितलं. ताप कधी होता हे विचारणं माझं काम होतं, ते मी केलं नाही. दुसरा थेंब पाहिला नाही. आणि मग ते दुसरं, जे सांगायला मी खरी आले होते: वहीत ती ओळ मला सापडली तेव्हा घोडी जिवंत होती, मला सगळं कळलं होतं, आणि माझ्या सहीची लाज राहावी म्हणून मी गप्प बसले. ‘तुमचे तीन दिवस होते, मामा. माझे त्याच्यापेक्षा जास्त होते, आणि मला माहीत असून होते.’

मामा चिडतील असं मला वाटलं, आणि ते चिडावेत अशी माझी इच्छाही होती. त्यांनी खाकी सदऱ्याची बटणं लावली, एक चुकलं, पुन्हा काढून लावलं.

‘सांवेरला एक बछेरी, तरणी घोडी, मिळून राहिली होती त्या साली,’ ते म्हणाले. ‘मामी मागे लागली होती, आणा. मी नाही आणली. मी बोललो, ज्याला आपल्या जनावराची बीमारी लपवावीशी वाटली, त्याने परत जनावराला हात लावू नये.’ मग माझ्याकडे पाहून, आवाज जराही न चढवता म्हणाले, ‘तेव्हा सांगितलं असतंस, बेटा, तर मी आणली असती. तेव्हा वय होतं माझं.’